बायोमेकॅनिक्स संस्थेची सवलतीची मेंबरशिप: पैसे वसूल, पण लुगड्यातला गुडघा अजून बाहेरच

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे ते मोकळे. पाचपैकी साडेतीन स्टार. सवलतीत मिळत असेल तर मेंबरशिप घ्या, आणि घेतल्यावर गप्प बसू नका.

आता सविस्तर. मी फिजिओथेरपिस्ट. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे छोटं क्लिनिक आहे आणि जोडीला एका कॉलेजात शिकवते. बायोमेकॅनिक्स म्हणजे शरीर हलतं कसं, कोणत्या सांध्यावर किती जोर येतो, पाय टेकला की जमीन उलटी किती ढकलते, याचा अभ्यास. या विषयाच्या मोठमोठ्या संस्था आहेत, आंतरराष्ट्रीय सोसायटी १९७३ ची, युरोपची १९७६ ची, अमेरिकेची १९७७ ची, आणि शिवाय छोट्या-मोठ्या कितीतरी. मी ज्या संस्थेची मेंबर आहे तिचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे जरा बोलणार आहे आणि तिथली माणसं खरंच भली आहेत, फुकट काम करतात, आपापली नोकरी सांभाळून रात्री बसून आमच्यासारख्यांचे अर्ज वाचतात.

रिव्ह्यू कशाचा तर या संस्थेतल्या काही संशोधकांनी मिळून जे विविधता आणि समावेशनाचं काम सुरू केलंय त्याचा. म्हणजे गरीब देशातल्या लोकांना कमी फी, नवख्याला एक अनुभवी मार्गदर्शक, ऑनलाइन परिषदेत एक वेगळं सत्र, प्रवासासाठी मदत, असं सगळं. हे एकाच संस्थेत चाललंय असं नाही. इंटरनॅशनल विमेन इन बायोमेकॅनिक्स म्हणून बायांचा एक ग्रुप स्लॅक नावाच्या चॅटच्या ॲपवर चालतो, त्यात जगभरच्या संशोधक बाया नोकऱ्या, पेपर, पोरंबाळं, बॉसचा त्रास सगळ्यावर बोलतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायोमेकॅनिक्सवाल्यांची वेगळी संघटना आहे. आंतरराष्ट्रीय सोसायटीचा तर विकसनशील देशांसाठी जुना कार्यक्रमच आहे. वारं तिकडूनच आहे म्हणा ना.

पहिला अनुभव पैसे भरायचा, कारण आपल्याकडे गाडी तिथंच अडते. सवलत कोणाला हे बहुतेक ठिकाणी वर्ल्ड बँकेच्या यादीवरून ठरतं आणि भारत त्या यादीत कमी-मध्यम उत्पन्नाच्या गटात येतो, त्यामुळे आपल्याला फी बरीच कमी लागते, पुण्यामुंबईच्या एखाद्या दोन दिवसांच्या वर्कशॉपपेक्षाही कमी, हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. पण यूपीआय चालत नाही, परदेशी पेमेंट लागतं, आणि २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर परदेशातला व्यवहार मुळात बंदच येतो, तो आपण ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. हे शाखेत विचारलं तर (शाखा कोणती ते जाऊ द्या) काउंटरवरच्या दादानं मला उलट विचारलं, मॅडम फॉरेनले कायले पैसे पाठवता, फ्रॉड तर नाही ना? त्याची काळजी खरी होती, आमच्या भागात लोकांचे खूप पैसे गेलेत फोनवरून. शेवटी ॲपमधल्या कार्ड सेटिंगमध्ये इंटरनॅशनलचं बटण सापडलं, ते चालू केलं, लिमिट वाढवलं, पैसे भरले आणि लगेच बंद केलं. संस्थेच्या साइटवर ही एक ओळ कोणी लिहून ठेवली असती तर किती बरं झालं असतं, पण लिहिणार कोण, त्यांच्यापैकी कोणाला हा प्रॉब्लेम कधी आलाच नाही.

मेंटॉरिंगला माझ्याकडून पूर्ण मार्क. फॉर्ममध्ये विचारतात तुम्हाला काय हवंय, करिअर, पेपर लिहिणं, ॲनालिसिस, नुसतं बोलायला कोणी. मी लिहिलं होतं की कापूस वेचणाऱ्या आणि निंदणाऱ्या बायांच्या गुडघ्यावर आणि कमरेवर काम करायचंय, लॅब नाही, फोर्स प्लेट नाही, फोन आहे. फोर्स प्लेट म्हणजे जमिनीत बसवायचा तो मोजपाट, लाखांच्या घरात जातो, तो काही माझ्या क्लिनिकच्या फरशीत बसणार नाही. मला जोडून दिलेली बाई ब्राझीलची निघाली, तिच्याकडे ऊसतोडीचा भाग आहे, त्यामुळे पहिल्याच कॉलला तिनं विचारलं की तुमच्याकडे वेचणी उभ्यानं होते का वाकून, ओझं कमरेला बांधतात का डोक्यावर, मजुरी किलोवर का रोजावर. रोजावर का किलोवर हे विचारणारी संशोधक मला पहिल्यांदा भेटली. किलोवर मजुरी असली की बाई पाठ सरळ करायला थांबत नाही, हे तिला न सांगता कळलं होतं. वेचणाऱ्या बाया कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करतात, ती भरत जाते तसं वजन पुढे येतं आणि कंबर मागे वाकते, याचा साधा फोटो पाठवला तर तिनं त्यावर रेघा मारून मला परत पाठवला, कुठला कोन मोजायचा, फोन कुठं ठेवायचा, कॅमेरा कमरेच्या उंचीला का हवा, सगळं. किनोव्हिया नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, व्हिडिओवर कोन मोजता येतात, ते तिनंच शिकवलं. माझ्या इंग्रजीचं तिनं कधी काढलं नाही, तिचंही इंग्रजी काही फाडफाड नव्हतं आणि त्यामुळे दोघींचं बरं जमलं.

परिषदेचं सांगते. ऑनलाइन होती, आणि ऑनलाइन ठेवली हेच मुळात आमच्यासाठी मोठं. आंतरराष्ट्रीय सोसायटीच्या परिषदांची यादी काढून बघा, १९६७ ला झुरिकपासून सुरुवात, मग आइंडहोवन, रोम, वॉर्सा, नागोया, पर्थ, टोकियो, तैपेई, २००९ ला केपटाउन, २०१३ ला ब्राझीलमधलं नाताल, २०१९ ला कॅलगरी, २०२३ ला फुकुओका, २०२५ ला स्टॉकहोम. इतक्या वर्षांत भारतात एकदाही नाही, पाकिस्तान-बांगलादेश-श्रीलंकेतही नाही. कोरोनात २०२१ ची परिषद पूर्ण ऑनलाइन करावी लागली आणि तेव्हा जगाला कळलं की घरी बसूनही ऐकता येतं. प्रवासाची मदत देतात हे चांगलंच आहे, पण त्याआधी पासपोर्ट लागतो, व्हिसाच्या मुलाखतीला मुंबई लागते, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, आणि आमच्याकडच्या पोरीला नागपूरला एकटी राहायची परवानगी मिळवताना घरात आधी दोन मामा आणि एक काका पटवावे लागतात.

वेळेचा मात्र वैताग आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारचे बारा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. सत्राचं नाव सर्वांसाठी खुलं, आणि वेळ ही. युरोपच्या वेळेची सत्रं बरी पडायची, संध्याकाळी सात-साडेसात, पण तेव्हा नेमकी आमची लाईन जायची वेळ, इन्व्हर्टरवर राउटर लावून, एका हातानं भाजी ढवळत ऐकलंय मी. रेकॉर्डिंग देतात, ते ठीक, पण रेकॉर्डिंगमध्ये हात वर करता येत नाही. स्क्रीनवर शब्द उमटतात ती सोय चांगली, फक्त आपल्याकडचं इंग्रजी त्या मशीनला झेपत नाही, मी बोलल्यावर खाली जे काही उमटत होतं ते बघून माझा मुलगा हसून हसून खाली पडला. अर्धा स्टार या वेळेपायी गेला.

आता मुख्य गोष्ट, समावेशनाचं सत्र. चार-पाच वक्ते होते, सगळे तयारीनं आलेले. एका बाईनं फार नेमकं मांडलं की गाड्यांच्या अपघाताच्या चाचणीत जो पुतळा जगभर वापरतात, हायब्रिड थ्री नावाचा, तो १९७६ चा आणि सरासरी पुरुषाच्या मापाचा, आणि बायांसाठी म्हणून जो वापरतात तो त्याच पुतळ्याला लहान केलेला. स्वीडनच्या संशोधिका ॲस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या टीमनं २०२२ मध्ये सरासरी बाईच्या मापाचा पुतळा दाखवला, १६२ सेंटीमीटर उंच, ६२ किलो वजन. म्हणजे सीटबेल्ट लावून बसणाऱ्या निम्म्या माणसांचा पुतळा यायला इतकी वर्षं. मला हे भाषण लै आवडलं, नोट्स काढल्या, दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं.

मग बाकीचा वेळ गेला तो आकड्यांवर, संस्थेत बाया किती टक्के, पुरस्कार कोणाला मिळतात, व्यासपीठावर कोण असतं, समितीत कोण. हे विचारायलाच पाहिजे, मी त्याला नावं ठेवत नाही. जॅकलिन पेरीसारखी बाई, जिनं माणसाच्या चालण्याचा अभ्यास डॉक्टरांच्या हाताशी आणून दिला, तिच्या काळात किती बाया होत्या या विषयात? पण दीड तास झाला तरी चर्चा हॉलमध्ये कोण बसलंय यावरच, मोजलं कोणाला जातंय यावर ती एक पुतळ्याची गोष्ट सोडून कोणी आलं नाही. लग्नाचं आमंत्रण आलं, पंगतीत पाट मांडून बसवलं, पण तुम्हाला तेलकट चालतं का हे विचारलं नाही, तसं झालं.

हे नीट सांगायला हवं, कारण इथंच माझा एक स्टार गेला.

गुडघ्यावर किती भार येतो हे काढायला आपल्याला आधी पायाच्या प्रत्येक भागाचं वजन माहीत लागतं. जिवंत माणसाची मांडी काढून तर मोजता येत नाही, म्हणून तक्ते वापरतात. पुस्तकात जो तक्ता सगळ्यात जास्त छापलाय तो डेम्पस्टर नावाच्या संशोधकाच्या १९५५ च्या कामावरून आलेला, मांडी शरीराच्या वजनाच्या १० टक्के, पोटरीचा भाग ४.६५ टक्के, पाऊल १.४५ टक्के, आमच्या परीक्षेला पाठ असायचं हे. ते आकडे आठ मृतदेहांवरून काढलेत. आठही पुरुष, वयं ५२ ते ८३. पुढे सोव्हिएत रशियात झात्सिओर्स्की आणि सेलुयानोव्ह यांनी जिवंत माणसं मोजली, १०० तरुण पुरुष आणि १५ तरुण बाया, आणि १९९६ मध्ये डी लेव्हा यांनी ते आकडे दुरुस्त करून सोपे केले, तेही आता खूप वापरतात. दोन्ही कामं आपापल्या जागी मोठीच आहेत, डेम्पस्टरनं केलं नसतं तर हा विषयच उभा राहिला नसता. पण मी जेव्हा चाळीशीतल्या, चार बाळंतपणं झालेल्या, पंचेचाळीस किलोच्या मजूर बाईचा गुडघा मोजते तेव्हा गणितात मांडी एका गोऱ्या म्हाताऱ्या माणसाची टाकते, आणि उत्तर मात्र त्या बाईच्या नावानं लिहिते.

बसण्याचं अजून वेगळं. निंदण म्हणजे दिवसभर उकिडवं बसून सरकणं. अशा बसण्यात मांडी पोटरीवर टेकते, आणि टेकल्यामुळे थोडा भार तिथूनच खाली जातो, गुडघ्यावरचा तेवढा कमी होतो. नेहमीच्या गणितात हा टेकलेला भाग धरतच नाहीत, कारण ते गणित चालणं, पळणं, उडी मारणं, खुर्चीतून उठणं यासाठी बसवलेलं आहे, तिथं मांडी पोटरीला लागतच नाही. त्यामुळे उकिडवं बसणाऱ्याचा भार जास्त निघतो. मग पेपर निघतो की खाली बसणं गुडघ्याला घातक, आणि डॉक्टर बाईला सांगतात खाली बसू नका. एका मावशीला मी हेच सांगून पाहिलं, तर म्हणाली, "मॅडम, बसाले नाई म्हनता, मंग निंदू कशी? उभ्यानं गवत निंघते का वो?" उभ्यानं चालवायची हत्यारं आहेत, भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं चाकाचं हातकोळपं वगैरे बाईच्या मापाची केलीत, आणि त्यांनी भारतातल्या शेतमजुरांची, बायांसकट, मापं आणि ताकद मोजून २००९ मध्ये छापूनही काढली. आपल्याकडचं इतकं मोठं काम, पण सत्रात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. ओळीच्या मधलं गवत त्या हत्यारानं निघतं, झाडाच्या बुडातलं निघत नाही, तिथं बसावंच लागतं, हे मावशीलाही माहीत आणि भोपाळवाल्यांनाही माहीत असणार.

तिसरी गोष्ट कपड्यांची. लॅबमध्ये हालचाल टिपायला अंगावर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात, मांडीला, गुडघ्याला, कमरेच्या हाडाला, आणि त्यासाठी माणसाला तंग चड्डीत उभं करतात. आमच्याकडच्या एका काकूला मी ते चित्र दाखवलं तर तिनं पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला म्हणाली, "मायबाई, टिकल्या लावून नाचवते का काय ही मॅडम आपल्याले." त्या दिवसापासून आमच्यात त्या गोळ्यांचं नाव टिकल्याच. कोणी म्हणेल आता गोळे लागतच नाहीत, स्टॅनफर्डवाल्यांचं ओपनकॅप आहे, नुसत्या व्हिडिओवरून हालचाल मोजणारा प्रोग्राम, २०२३ चा पेपर आहे त्यांचा, संशोधनासाठी फुकट, त्या पद्धतीत कॅमेरे म्हणून दोन आयफोन लागतात फक्त. दोन आयफोन. आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचे मिळून दोन निघतील का सांगता येत नाही. तरी नागपूरहून एका विद्यार्थ्याचे मागून आणले आणि करून पाहिलं, सलवारवर बऱ्यापैकी जमतं, पण लुगडं नेसलेली बाई उकिडवी बसली की निऱ्या पुढे येतात आणि प्रोग्रामला गुडघा सापडेना, तो निरीच्या टोकालाच गुडघा समजत होता. चूक त्या प्रोग्रामची नाही, त्याला शिकवताना जे फोटो दाखवले त्यात उकिडव्या बसलेल्या लुगड्यातल्या बाया किती असतील?

हे सगळं मी सत्रात विचारलं. हात वर केला, नंबर आला, लाईन होती देवकृपेनं. माझं झाल्यावर क्षणभर कोणी बोललं नाही, मग अध्यक्ष म्हणाले फार महत्त्वाचा मुद्दा आहे, आभारी आहोत, आणि पुढचा प्रश्न घेतला. महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणजे वेळ संपली, हे मीटिंगमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला कळतं. पण नंतर चॅटमध्ये निरोप येऊ लागले. नेपाळची एक, घानाचा एक, इराणची एक बाई म्हणाली आमच्याकडेही टिकल्यांचा हाच त्रास, आम्ही गोळे कपड्यावर लावतो आणि मग पेपर तपासणारे म्हणतात पद्धत चुकीची. आता आमचा छोटा ग्रुप झालाय, आणि खरं सांगायचं तर सत्रापेक्षा त्यातून जास्त काम होतं. माझ्या ब्राझीलच्या मॅडमनं समितीला पत्र लिहायला लावलं, की ॲब्स्ट्रॅक्टच्या, म्हणजे परिषदेला पाठवायच्या सारांशाच्या फॉर्ममध्ये एक रकाना टाका: कोणाची शरीरं मोजली, कोणत्या कपड्यात, भागांचं वजन कोणत्या तक्त्यातून घेतलं. पत्र गेलं, विषय बैठकीत घेतो असं उत्तर आलं, अजून रकाना आलेला नाही.

अशी मागणी केली की काही लोकांना वाटतं ही विज्ञानात राजकारण आणते. त्यांना जयपूर फूट दाखवावा. १९६८ च्या आसपास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय केला, कारण परदेशी पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्यासाठी होता, आपल्या माणसाला अनवाणी शेतात जायचं, उकिडवं बसायचं, मांडी घालायची. सेठींना १९८१ चा मॅगसेसे मिळाला. शर्मांचं नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? ते फार शिकलेले नव्हते, हातात कसब होतं. समावेशनाच्या सत्रात एक तास या दोघांवर ठेवला तरी चालेल.

फॉर्मबद्दलही बोलते. मेंबर होताना विचारतात तुम्ही कोणत्या गटातले, लिंग, अपंगत्व, वंश. सांगायचं नसेल तर सोडता येतं, हे बरं केलं. वंशाच्या यादीत माझ्यासाठी आशियाई असा एक चौकोन. माझी एक विद्यार्थिनी, दिग्रसकडच्या तांड्यावरची, घरातली पहिली ग्रॅज्युएट, तिनंही तोच चौकोन भरला आणि जपानच्या प्रोफेसरनंही तोच. आमच्याकडे कोण मागे राहतं हे जातीशिवाय, गावाशिवाय, आईबाप शिकलेत का याच्याशिवाय कळत नाही, आणि बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली त्या नागपूरपासून काही तासांवर राहून मी हे लिहिलं नाही तर कोण लिहिणार. हे परदेशात कळत नाही असंही नाही, सिएटल शहरानं २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. मग एका शास्त्रीय संस्थेच्या फॉर्ममध्ये 'कुटुंबातली पहिली शिकलेली व्यक्ती' एवढा तरी चौकोन का नको. माझ्या या विद्यार्थिनीला मेंटॉर मिळाला, चांगला मिळाला, पण तिनं दुसऱ्या कॉलला मला विचारलं, मॅडम, माह्याबद्दल त्यांना काय काय सांगू? मी म्हटलं तुला वाटेल तेवढं. तिनं तांड्याचं सांगितलं, वडील ऊसतोडीला जातात तेही सांगितलं, त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी ऊसतोड मजुरांच्या खांद्यावरचे दोन पेपर पाठवले. माणसं चांगली आहेत हे मी वर म्हटलं ते यामुळे.

बायोमेकॅनिक्स डे चं थोडक्यात. हा अमेरिकेत २०१६ पासून पॉल डेव्हिटा यांनी सुरू केला, शाळेतल्या पोरांना हा विषय दाखवायचा, आता बऱ्याच देशांत करतात, आणि तो येतो एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये यवतमाळ. सकाळच्या शाळेत सात वाजता जिल्हा परिषदेच्या पोरापोरींना घेतलं, जागेवरून उडी, कबड्डीतली टाच, लंगडी, सगळं फोनवर स्लो मोशनमध्ये, साडेनऊला ऊन इतकं की पोरं सावलीतून हलेनात. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हे कोणत्या योजनेतलं आहे? फोटो कुठं अपलोड करायचे?" कुठंच नाही म्हटल्यावर त्यांना खरंच वाटेना. पोरींना मात्र भलताच आनंद, स्वतःची उडी हळू बघितली की त्यांना स्वतःच कळतं गुडघे आत येतात ते. संस्थेनं तयार साहित्य पाठवलं होतं, छान होतं, त्यात बास्केटबॉल आणि बर्फावरचं स्केटिंग होतं. आम्ही लंगडी टाकली. हे संस्थेला कळवलं तर त्यांनी लगेच लंगडीचा व्हिडिओ मागितला, पालकांची परवानगी घेऊन पाठवला, पुढच्या वर्षीच्या साहित्यात घेऊ म्हणालेत.

घेणाऱ्यांसाठी एवढंच. सवलतीचा अर्ज करताना कॉलेजचं पत्र मागतात, लेटरहेडवर दोन ओळी पुरतात, प्राचार्यांना मराठीत सांगून इंग्रजीत आपणच टाइप करून न्या, सही लवकर होते. कार्डचं बटण आधी चालू करा. मेंटॉरच्या फॉर्ममध्ये नुसतं करिअर गायडन्स लिहू नका, तुमच्या गावातलं काम, हत्यार, ओझं, मजुरी सगळं लिहा, त्यावरून योग्य माणूस जोडून देतात. वेळेच्या रकान्यात भारतीय वेळ आणि पुढे कंसात रात्री दहानंतर नको असं स्पष्ट लिहा, मी आता लिहिते, आणि तेव्हापासून माझे कॉल संध्याकाळी लागतात. परिषदेत बोलायला मिळालं तर प्रश्न आधीच चॅटमध्ये टाकून ठेवा, लाईन गेली तरी तो तिथं राहतो. आणि त्या रकान्याचं पत्र आमच्या ग्रुपकडून पुन्हा जाणार आहे, ज्यांना सही करायची असेल त्यांनी मेंबर झाल्यावर समावेशन समितीला स्वतःच्या नावानं मेल टाकावी, एकत्र सह्यांपेक्षा वेगवेगळ्या मेल जास्त मोजल्या जातात असं ब्राझीलच्या मॅडमचं म्हणणं आहे.